‘फाइव्ह स्टार’ फ्लॅटचे तारे बेळगावात कसे वाचायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात. आई-वडील खानापूर तालुक्यात, कौलारू घरात. वडिलांचे गुडघे आणि दवाखान्याच्या फेऱ्या बघता त्यांना बेळगावात आणायचं ठरलंय. अनगोळ भागात बाराशे चौरस फुटांचा फ्लॅट बघितलाय, चौथा मजला, वर फक्त गच्ची. बिल्डर म्हणतो इमारत ‘फाइव्ह स्टार एनर्जी रेटिंग’ची आहे, म्हणून चौरस फुटाला दीडशे रुपये जास्त. भाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याला भाड्याचं घर घेताना ए ते जी अशा श्रेणीचा दाखला दाखवला होता. तर तसा दाखला आपल्याकडे कोण देतं, आमच्या भागातली घरं सरासरीने कुठे बसतात, आणि हे जास्तीचे पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वीजजोडणीची आणि घरांच्या वीजवापराच्या तपासणीची कामं करत आलोय. त्यामुळे सरळ सांगतो. तुम्ही विचारलेत तीन प्रश्न, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे: एप्रिल-मेमध्ये त्या वरच्या मजल्यावर आई-वडिलांना झोप लागेल का, आणि ती लागावी म्हणून दर महिन्याला किती बिल येईल? याचं उत्तर सापडलं की दीडशे रुपयांचं आपोआप ठरतं.

इंग्लंडचा दाखला आणि आपल्याकडचे तारे यांची गल्लत करू नका. तिथे घर विकताना किंवा भाड्याने देताना दाखला असावाच लागतो, तो दहा वर्षं चालतो आणि जुन्या घरालाही लागू होतो. म्हणून तिथे एखाद्या गावातली घरं सरासरी कुठल्या श्रेणीत आहेत हे सांगता येतं. आपल्याकडे राहत्या जुन्या घराला असा सक्तीचा दाखला नाही. उपनिबंधक कचेरीत खरेदीखत नोंदवताना कुणी तो मागत नाही. त्यामुळे ‘अनगोळची सरासरी’ किंवा ‘टिळकवाडीची सरासरी’ असा आकडा कुणी सांगितला तर तो कुठून आणला, हे विचारा.

आपल्याकडे जे आहे ते वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे फ्रिज-एसीवर ज्यांचे तारे असतात तीच केंद्र सरकारची संस्था, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये स्थापन झाली. तिने २०१८ च्या डिसेंबरात घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली आणि २०१९ मध्ये घरांनाही एक ते पाच ताऱ्यांचं लेबल सुरू केलं. हे लेबल ऐच्छिक आहे. दुसरीकडे ‘गृहा’ नावाची हरित इमारतींची पद्धत आहे, तीही एक ते पाच तारेच देते; पण त्यात पाणी, कचरा, जागेची निवड, बांधकाम साहित्य असं बरंच काही मोजलं जातं, वीज हा त्यातला एक भाग. तिसरी आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, तिच्यात तारे नसून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असतं. आणि चौथा प्रकार मला साइटवर सर्वांत जास्त दिसतो: फ्लॅटमध्ये पाच तारे असलेले पंखे नि गिझर बसवायचे आणि माहितीपत्रकात ‘फाइव्ह स्टार घर’ छापायचं.

म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न हा करा की हे तारे कुणाचे, आणि प्रमाणपत्र अंतिम आहे की बांधकामाआधीचं तात्पुरतं? आराखड्यावर मिळालेलं प्रमाणपत्र आणि उभ्या राहिलेल्या इमारतीचं प्रमाणपत्र यांत फरक पडू शकतो, कारण मधे ठेकेदार बदलतो, विटेच्या जागी ब्लॉक येतो, काचेचा प्रकार बदलतो. कागद दाखवला तर त्याची प्रत मागा. ‘ऑफिसला आहे, नंतर देतो’ असं उत्तर आलं तर तारे नाहीत असं समजून पुढचं सगळं वाचा.

आता समजू या की लेबल खरंच ब्युरोचं आहे. मग ते काय सांगतं? संहितेच्या पायाशी दोन आकडे आहेत. एक, भिंती आणि खिडक्यांमधून घरात येणाऱ्या उष्णतेचा सरासरी दर. तो चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवा. दोन, छतातून उष्णता किती सहज खाली येते त्याचा आकडा, ज्याला आमच्या कामात यू-व्हॅल्यू म्हणतात, तो १.२ पेक्षा जास्त नको. पहिल्या आकड्यात एक गोष्ट लपते. तो अख्ख्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची सरासरी असतो. पहिल्या मजल्यावरचा, दोन बाजूंनी शेजारी असलेला फ्लॅट आणि चौथ्या मजल्यावरचा पश्चिम कोपऱ्यातला फ्लॅट, दोघांनाही तोच आकडा. छत तर त्या हिशेबात येतच नाही, त्याचा आकडा वेगळा मागावा लागतो. आणि तुम्ही घेताय तो नेमका छताखालचा.

शिवाय हे लेबल घर थंड ठेवायला लागणाऱ्या विजेकडे जास्त बघतं. दिल्ली-नागपूरला ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र जागेवर अवलंबून आहे, आणि इथे मी एकच उत्तर सगळ्यांना देणार नाही. एकाच बेळगाव जिल्ह्यात तीन हवामानं आहेत. कणकुंबी-आमगावकडे पावसाळ्यात महिना महिना कपडे वाळत नाहीत, तिथे घराचा शत्रू ओल. अथणी-रायबागकडे कोरडा उन्हाळा, तिथे एसीचा हिशेब खरंच महत्त्वाचा. बेळगाव शहर मधे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. थंडीत पहाटे गार पाण्याला हात लाववत नाही, एप्रिलमध्ये दुपारी पारा छत्तीस-सदतिसावर जातो आणि संध्याकाळी वळीव आला की पुन्हा गारवा. इथल्या घराला थंडाव्याची गरज दोन-अडीच महिने असते, गरम पाण्याची आठ महिने. कुठलाही तारा वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता स्लॅबकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत सगळा निकाल तिथेच लागतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर असतो. भिंतींवर त्या वेळी ऊन जेमतेम सरकतं, सगळं ऊन गच्ची घेते. पाच-सहा इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ते शोषतो आणि रात्री खाली सोडतो. मी अशा वरच्या मजल्यांवर रात्री दहा वाजता इन्फ्रारेड थर्मामीटर छताला लावून दाखवतो. बाहेर गॅलरीत हवा सव्वीस-सत्तावीस अंश असते, आणि त्याच वेळी बेडरूमच्या छताची खालची बाजू सदतीस-अडतीस दाखवते. पंखा ती गरम हवाच खाली ढकलतो. म्हणून लोक म्हणतात, ‘बाहेर गार आहे, आत उकडतंय.’ तुमच्या आई-वडिलांना हा बदल जास्तच जाणवेल. खानापूरचं कौलारू छत दुपारी तापतं खरं, पण कौल पातळ असतं, फटींतून हवा खेळते, आणि दिवस कलला की तासाभरात निवतं. त्यांचं अंग त्या घराला सरावलेलं आहे.

उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून साडेतीन वॅट उष्णता आत येते. आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, करतात आणि बिल्डर सांगतो, ‘कोबा केलाय, छत गार राहतं.’ कोबा पाणी अडवण्यासाठी आणि उतारासाठी चांगला आहे, पण उष्णतेला तो थोडाच अडवतो. चार इंची कोब्याने आकडा अडीचच्या आसपास येतो. संहितेला हवा १.२. कोब्यावर तिथे पोचता येत नाही. त्यासाठी स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) शीट, त्यावर काँक्रीटचा थर आणि वर पांढऱ्या टाइल असा क्रम लागतो. दोन इंची शीट टाकली तर आकडा ०.५ च्या जवळ येतो, एक इंचीतही १.२ च्या आत बसता येतं. हे काम इमारत होतानाच स्वस्तात होतं. नंतर करायचं तर आख्खी गच्ची उचलावी लागते आणि सोसायटीची परवानगी वेगळी.

म्हणून बिल्डरला विचारायचा दुसरा प्रश्न: ‘गच्चीच्या थरांचा तपशील द्या, कुठला थर किती जाडीचा?’ पाच तारे असलेल्या इमारतीत हा कागद असलाच पाहिजे, कारण त्याशिवाय गणित मांडताच येत नाही. मी तर म्हणेन, तारे विसरा आणि हा एकच कागद नीट वाचा. त्यात इन्सुलेशनच्या शीटचं नाव आणि जाडी असेल तर दीडशे रुपयांवर बोलणी करण्यात अर्थ आहे. ‘कोबा आणि वॉटरप्रूफिंग’ एवढंच असेल तर नाही.

शीट नसेल आणि फ्लॅट तरीही आवडला असेल, तर दोन मार्ग उरतात. एक, गच्चीला पांढरा लेप. बाजारात ‘कूल रूफ’ नावाने मिळतात, साध्या चुन्यानेही बराच फरक पडतो. नवा पांढरा लेप उन्हातला मोठा हिस्सा परत फेकतो. पण बेळगावच्या पावसात गच्चीवर शेवाळ धरतं, एका पावसाळ्यानंतर ती काळपट होते आणि लेपाचा गुण निम्म्यावर येतो. म्हणून तो शिवरात्रीच्या सुमारास, गच्ची घासून, दरवर्षी किंवा एक वर्षाआड द्यावा लागतो. हा खर्च कुणी करायचा ते सोसायटीत आधीच ठरवून घ्या. दुसरा मार्ग आपल्याकडे लोक गळतीसाठी करतातच: गच्चीवर पत्र्याचं शेड. चारही बाजू उघड्या असलेलं, स्लॅबपासून आठ-दहा फूट उंच शेड हा उत्तम उपाय आहे. ऊन पत्र्यावर अडतं, मधली हवा वाहते, स्लॅब सावलीत राहतो. मात्र त्याच शेडला नंतर भिंती घालून खोली केली की ती भट्टी होते आणि खालच्या मजल्याचाही फायदा जातो. आणि शेडला महापालिकेची परवानगी आहे का, तेही बघा. पीओपीचं फॉल्स सिलिंग मी या दोन्हींच्या खालचं मानतो. दिसायला छान, थोडा आधारही होतो, पण स्लॅब तापतोच.

खिडक्यांचं थोडक्यात सांगतो. मोजपट्टी घेऊन जा. बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आणि गॅलरीची दारं प्रत्यक्षात किती उघडतात, ते क्षेत्रफळ मोजा. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, तेव्हा अर्धीच धरा. संहितेचं माप हवामान विभागानुसार बदलतं. समशीतोष्ण भागात चटई क्षेत्राच्या साडेबारा टक्के, उष्ण-दमट भागात सोळा टक्क्यांहून थोडं जास्त. नऊशे चौरस फूट चटई क्षेत्र असेल तर कमीत कमी एकशे बारा चौरस फूट उघडं मिळायला हवं, दीडशे मिळालं तर उत्तम. वळीव पडून गेल्यावर बाहेर आलेला गारवा आत घ्यायला याहून स्वस्त साधन नाही. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा आहे का बघा. आपल्याकडे पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे तो छज्जा ऊन आणि पाणी दोन्ही अडवतो. छज्जा नसलेली मोठी काच पश्चिमेला असेल तर मी तो फ्लॅट सोडेन.

इथवर फ्लॅटची बाजू झाली: तारे कुणाचे ते विचारा, गच्चीचे थर विचारा, खिडक्या मोजा. आता बिल.

बेळगाव शहराची वीज हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीकडे आहे. हुक्केरी तालुक्यात ग्राहकांची सहकारी वीज संस्था आहे, आणि चंदगडकडे गेलात की महावितरण. हे सांगण्याचं कारण असं की नातेवाइकांचं कोल्हापूरकडचं बिल बघून बेळगावचा हिशेब करू नका. दर वेगळे आहेत, टप्पे वेगळे आहेत आणि कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून गृहज्योती ही राज्य सरकारची मोफत विजेची योजना आहे.

गृहज्योतीमुळे आपल्याकडे वीज वाचवण्याचं गणितच बदललंय. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर २०२४ पासून दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट) एक मर्यादा ठरते. त्या मर्यादेत राहिलात तर बिल शून्य. मर्यादा ओलांडली पण दोनशे युनिटांच्या आत असाल तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. दोनशे ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं. नव्या जोडणीला मागचा वापर नसतो. योजना सुरू झाली तेव्हा अशा घरांसाठी राज्याची ५३ युनिटांची सरासरी धरली होती, म्हणजे दहा टक्क्यांसह अठ्ठावन्नच्या आसपास मर्यादा. तुमच्या फ्लॅटची जोडणी नवी असेल, तेव्हा आज कोणता नियम लागेल ते हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन विचारूनच घ्या. गावच्या घरची मर्यादा आपोआप शहरात येईल असं गृहीत धरू नका.

आता दोन माणसांचा वापर मांडू. फ्रिज महिन्याला वीस-एक युनिट. दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री मिळून पंचवीस. आंघोळीची एक बादली, वीस लिटर पाणी बावीस अंशांवरून चाळीसवर न्यायला साधारण ०.४ युनिट लागतं. दोघांच्या दोन बादल्या आणि गिझरची टाकी गरम राहताना वाया जाणारी वीज धरून पस्तीस-एक युनिट. साधे पंच्याहत्तर वॅटचे दोन पंखे उन्हाळ्यात चौदा तास फिरले तर त्रेसष्ट युनिट. म्हणजे उन्हाळ्यातही एकशे चाळीस-पंचेचाळीस. एसी नाही तोवर दोनशेचा आकडा दूर आहे.

एसी आला की काय होतं? रात्री आठ तास चाललेला दीड टनी एसी, कॉम्प्रेसर मधून मधून बंद होतो हे धरूनही, महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट घेतो. दोनशे ओलांडले. मग नुसते एसीचे पैसे द्यावे लागतात असं नाही, सगळ्या तीनशे युनिटांचं बिल येतं. कर, स्थिर आकार वगैरे धरून युनिटला सात रुपये धरले तरी दोन हजाराच्या वर. म्हणून मी स्लॅबवर एवढा वेळ घालवला. छत गार असेल तर त्या दोन महिन्यांत एसी लावावाच लागत नाही किंवा तासभर लावून भागतं, आणि घर दोनशेच्या आत राहतं. तुमच्या बाबतीत गच्चीवरच्या दोन इंची शीटची किंमत विजेच्या युनिटांत मोजली तर कमीच भरेल. एप्रिल-मेची दोन बिलं दोनशेच्या खाली ठेवणं आणि वडिलांची झोप, यांत ती मोजा.

एसी घ्यायचाच झाला तर त्यावरच्या ताऱ्यांबद्दल एक गोष्ट. लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा असतो, तो वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. बेळगावात रात्रीचेच दोन महिने धरले तर चार-पाचशे तास होतात. तीन तारे आणि पाच तारे यांच्यात लेबलवर दोनशे युनिटांचा फरक दिसत असेल, तर तुम्हाला प्रत्यक्षात मिळतो पन्नास-साठ युनिटांचा, म्हणजे वर्षाला चारशे रुपये. त्यासाठी आठ-दहा हजार जास्त देण्यात अर्थ नाही. अथणीला राहणाऱ्या माणसाला मी उलटा सल्ला देईन. आणि तारे मोजण्याऐवजी तो युनिटांचा आकडा आणि लेबलची मुदत वाचा. एसीचे निकष २०२२ च्या जुलैत कडक झाले, तेव्हा आधीचा पाच ताऱ्यांचा एसी नव्या मापात एका ताऱ्याने खाली आला. दुकानात जुना माल असू शकतो.

पंख्यांचं मात्र उलट आहे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. वर मांडलेले त्रेसष्ट युनिट त्याने पंचवीसवर येतात. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तो दुप्पट वेळ चालतो. पावसाळ्यात झाड पडलं की आपल्याकडे लाइन कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी हाच पंखा लावायला सांगतो, बिलाचा विचार बाजूला ठेवून.

गिझरवरच्या ताऱ्यांचा अर्थ फार लोकांना माहीत नाही. टाकीत गरम करून ठेवलेल्या पाण्याची उष्णता किती वाया जाते, एवढंच ते तारे सांगतात. तुम्ही किती बादल्या काढता याच्याशी त्यांचा संबंध नाही. दिवसभर बटण चालू राहणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा उपयोग होतो. आंघोळीआधी पंधरा मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात फारसा नाही. तुमच्या आईला पहाटे चुलीवरच्या बंबाची सवय असेल. शहरात तो गेला की गिझरचं बटण चालू राहण्याची शक्यता जास्त, तेव्हा गिझरला टायमर लावून द्या. इमारतीला सोलर वॉटर हीटरची सोय असेल तर ती नक्की घ्या. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे ऊन भरपूर आहे. जून ते सप्टेंबर ढगांत ती फारशी चालत नाही, तेव्हा गिझर लागणारच. चौथ्या मजल्याचा इथे एक फायदा आहे: टाकी जवळ, पाइप छोटा, गरम पाणी लगेच येतं. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत आणि कॉइलवर क्षार बसतात. एका वर्षाने प्लंबरकडून उघडून बघा.

फ्लॅट ताब्यात आल्यावर एक साधी तपासणी स्वतः करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळ बहुतेक ‘३२००’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून तो बघा. साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकला तर कुठेतरी शंभर वॅट चालू आहेत. महिन्याचे बहात्तर युनिट होतात ते. सगळं बंद असताना दिवा स्थिर राहायला हवा. लुकलुकतच राहिला तर इलेक्ट्रिशियनला वायरिंग बघायला बोलवा आणि तुमच्या मीटरवर सोसायटीच्या पंपाची किंवा जिन्याच्या दिव्यांची लाइन आलेली नाही ना, ते तपासून घ्या. नव्या इमारतींत हे होतं.

सोलर पॅनेलचंही तुम्ही ओझरतं विचारलंत. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, असं जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान आहे. पण फ्लॅटमध्ये गच्चीवर तुमचा हक्क कागदावर आहे का, हा आधीचा प्रश्न. आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या, त्यातले काही फुकट मिळणाऱ्या घराला पॅनेलचा खर्च भरून यायला फार वर्षं लागतील. तुम्हाला मी आत्ता सुचवणार नाही.

राहिले दीडशे रुपये. बाराशे चौरस फुटांचे एक लाख ऐंशी हजार होतात. महिन्याला एकशे वीस युनिट वापरणाऱ्या घराचं, गृहज्योती नाही असं धरूनही, वर्षाचं बिल दहा हजारांच्या आसपास. म्हणजे अठरा वर्षांचं सगळं वीजबिल बिल्डर आजच मागतोय, आणि पाच तारे म्हणजे बिल शून्य नव्हे. नुसत्या ताऱ्यांसाठी हे देऊ नका. पुढे विकताना किंमत जास्त येईल असं तो सांगेल; बेळगावात आज गिऱ्हाईक पाणी, पार्किंग आणि कागदपत्रं बघतं, ऊर्जेचा दाखला मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर अशी बोलणी केली असती: गच्चीवर दोन इंची एक्सपीएस शीट आणि पांढऱ्या टाइल, पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा, सोलर गरम पाण्याची जोडणी. या तिन्ही गोष्टी थरांच्या जाडीसकट विक्री करारात लिहून द्या, मी चौरस फुटाला पन्नास-साठ रुपये जास्त देतो. शीट टाकताना एकदा साइटवर जाऊन फोटो काढून ठेवा, टाइल बसल्यावर खाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. ‘फाइव्ह स्टार’ छापलेलं माहितीपत्रक जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाखाली बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि प्रकल्पाची नोंदणी कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर बघता येते. बिल्डर गच्चीचं लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेकडे बेडरूम असलेला फ्लॅट साध्या दराने मागा. लिफ्ट बंद पडली तरी वडिलांना दोन जिने चढता येतील, आणि वर दोन मजले असल्यामुळे स्लॅबचा प्रश्नच येणार नाही.